इनास मास्तरांचा शिळा चेक

बँकेत माणसं येतात ती पैसे आले का ते बघायला. आमचे इनास मास्तर यायचे ते पैसे गेले का ते बघायला.

रोज अकराच्या सुमाराला सांडोरहून सायकल मारत यायचे. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि उजव्या पायाला सायकलची क्लिप. ती काढायची त्यांना कधी आठवण व्हायची नाही. माझ्या टेबलावर पासबुक ठेवायचे, घसा खाकरायचे आणि विचारायचे, "बाई, गेले का?" मी "गेले हो मास्तर, नारळ काढणाऱ्याचे गेले" असं म्हटलं, की स्वारी एकदम खूश. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या वेलची केळ्यांची फणी माझ्या टेबलावर हजर. आणि "अजून नाही" म्हटलं की झालं! मग तोंड पाडून बाकावर बसणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवणार, "दिलेला चेक लोक घरात ठेवून देतात. लोणचं घालतात काय त्याचं, कोण जाणे!"

मी तेव्हा त्या वसईच्या शाखेत चेक पास करायला बसायचे. म्हणजे कोणी कोणाला दिलेला चेक आमच्याकडे आला, की तारीख बघायची, अक्षरी रक्कम आणि आकडा जुळतो का बघायचं, सही कार्डावरच्या सहीशी ताडून बघायची, खात्यात तेवढे पैसे आहेत का बघायचं आणि मग पास करायचा. यातलं एक जरी बिघडलं तरी चेक परत. दिवसभर तेच. डोळ्यांचं भरीत व्हायचं. त्यात हे मास्तर. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, हा म्हातारा माझा जीव घेणार.

मास्तर गावच्या शाळेतून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "जॉइंट अकाउंट काही जमलं नाही." त्यांची सगळी भाषाच अशी. कोणाच्याही नादी लागणारा माणूस असला, की "तो बेअरर आहे हो, ज्याच्या हातात पडेल त्याचा." आणि भरवशाचा असला, की "क्रॉस केलेला माणूस. दुसऱ्याच्या खात्यात जायचा नाही." आमचे मॅनेजरसाहेब एकदा सात मिनिटांत चारदा बोलणं फिरवून बसले, तर मास्तर त्यांच्या तोंडावर म्हणाले, "साहेब, खाडाखोड केलीत की शेजारी सही लागते." साहेबांनी कपाळाला हात लावला.

रोख पैसे द्यायचे म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. कंजूष नव्हते, तसं म्हणाल तर मी भांडेन. देताना हात कधी आखडला नाही. पण द्यायचे ते चेकनंच. खिशातून पट्टी काढायचे. हो, शाळेतली लाकडी पट्टी! चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारायचे, रक्कम लिहायची, पुढं 'फक्त' लिहायचं, उरलेल्या जागेत रेघ ओढायची, आणि मग सही. ती सही म्हणजे काय सांगू! पूर्ण नाव, एकेक अक्षर वळणदार, शेवटी खाली एक टिंब. तोपर्यंत समोरच्या माणसाची बस निघून गेलेली असायची.

नारळ काढणाऱ्याचं बँकेत खातं नव्हतं. मास्तर त्याला सायकलवर डबलसीट घालून घेऊन आले, ओळख देणारा म्हणून स्वतः सही केली आणि खातं उघडायला लावलं. मग न्हावी झाला. मग दूधवाला. सांडोरच्या निम्म्या खात्यांवर ओळख म्हणून इनास मास्तरांची सही. मॅनेजरसाहेब त्यांना चहा पाजायचे ते काही उगाच नाही.

एकदा तर कहरच. गावच्या सणाला त्यांनी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, चेक दिला तो थेट गावच्या संताच्या नावानं! बिचाऱ्या फादरनी तो तसाच बँकेत पाठवला. मी म्हटलं, "मास्तर, या नावाचं खातं नाही." तर मला विचारतात, "मग त्यांचं कुठल्या बँकेत आहे?" मी म्हटलं, फादरांच्या देवळाच्या खात्याचं नाव लिहा. "दान मी संताला दिलंय, खात्याला नाही," असं म्हणून फुरंगटून बसले. शेवटी फादर स्वतः आले, समजूत काढली, तेव्हा कुठं दुसरा चेक लिहिला. पट्टीनं रेघा मारून.

पण त्यांना खरी भेटली ती मासळीवाली मार्थाबाई. बाजारात पाटी घेऊन बसायची. मास्तरांनी तिला महिन्याच्या मासळीचा चेक दिला. महिना गेला, दुसरा गेला, पैसे काही खात्यातून जाईनात. मास्तर रोज "गेले का?" विचारून मला भंडावून सोडायला लागले. एक दिवस वैतागून मीच बाजारात त्यांच्याबरोबर गेले.

"मार्था, चेक का नाही भरलास?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, तो मी न्हाय वटवनार," ती बोंबील निवडत म्हणाली. "इतकी गोड सही हाय तुमची. बँकवाले तो कागद ठेवून घेतात. मना पुन्हा देनार हायेत का?"

"अगं, पण पैसे?"

"पैसं नको मना. कागद फ्रेम करून लावलाय, आल्तारीखाली, देवाजवळ."

मी पदर तोंडाला लावून हसत होते. मास्तर मात्र रडकुंडीला आले. परत येताना सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "बाई, तुम्ही हसता. पण चेक वटवला नाही, म्हणजे माझं देणं तिनं घेतलंच नाही. मी दिलं आणि समोरच्यानं घेतलं नाही, तर मी दिलं काय?" मी म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेता?"

का मनाला लावून घेतात ते मला जानेवारीत कळलं.

जानेवारी लागला, की मास्तरांना बँकेत आणखी एक काम लागायचं. नवीन वर्ष सुरू झालं तरी लोकांचा हात जुनंच वर्ष लिहितो. मग तो चेक लिहिल्यालिहिल्याच वर्षभराचा जुना होऊन बसतो. चेक तेव्हा सहा महिने चालायचा, त्यानंतर आम्ही पास करत नसू. मास्तर स्लिपा भरायच्या टेबलाशी उभे राहायचे आणि प्रत्येकाच्या खांद्यावरून वाकून बघायचे. "वर्ष बदललंय! वर्ष बदललंय!" माणसं दचकायची. एक बाई तर छत्री उगारून मागे वळली होती.

आणि त्याच महिन्यात एक दिवस ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसून एक चेक लिहायचे. ग्रेसीच्या नावाचा. ग्रेसी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, पास्कूची, एकुलती एक मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून मास्तर उभे राहिले होते, ते तिचे धर्मपिता. तिच्या वाढदिवसाचा हा चेक. लिहून पाकिटात घालायचे, पत्ता लिहायचे आणि समोरच्या पोस्टातून रजिस्टर करायचे. मग सहा महिने रोज "गेले का?" जुलै उजाडला की स्वतःच म्हणायचे, "शिळा झाला, बाई." त्या दिवशी बाकावरसुद्धा बसायचे नाहीत, सायकल काढून निघून जायचे.

तो चेक कधीच वटला नव्हता.

झालं होतं असं. वडिलांच्या माघारी केळीची वाडी दोघा भावांत निम्मी निम्मी झाली. तेव्हा आमच्या या भागात बिल्डर लोक वाडी बघितली की गाडी थांबवायचे. पास्कूनं आपला निम्मा भाग विकला आणि बोळिंजला फ्लॅट घेतला. विहीर त्याच्या भागात होती, ती बुजली. मास्तरांची केळी त्या वर्षी पाण्यावाचून वाळली; पुढं दुसरी विहीर खणून त्यांनी ती पुन्हा लावली. रविवारी मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर, सगळ्या गावादेखत मास्तर ओरडले, "आजपासून मला भाऊ नाही!" ग्रेसी तेव्हा तिसरीत होती, बापाचं बोट धरून उभी होती.

"रागात माणूस बोलतो हो," मी म्हटलं होतं. "जाऊन या की एकदा. सांडोरहून बोळिंज ते काय लांब आहे?"

"बोललेल्या शब्दाला स्टॉप पेमेंट नसतं, बाई," मास्तर म्हणाले. "कुठल्या तोंडानं जाऊ? आणि जाऊन काय सांगू? सहज आलो म्हणून?"

मला राग यायचा. त्यांचाही आणि त्या पास्कूचाही. चेक घेतो, पोस्टमनला सही देतो, परतही पाठवत नाही आणि भरतही नाही! ही कुठली रीत? मी मास्तरांना म्हटलंसुद्धा, "बंद करा पाठवायचं." तर म्हणाले, "परत पाठवत नाही ना? मग झालं तर." असा हा माणूस. पुढं आमच्याकडे कॉम्प्युटर आले, एटीएमचं कार्ड आलं. साहेबांनी मास्तरांना कार्ड घ्या म्हणून किती सांगितलं. मास्तरांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "यात माझी सही कुठाय? चार आकडे दाबले की मी होतो काय?"

मग तो दिवस आला. जानेवारी संपत आला होता. मुंबईहून चेकांची थैली आली, मी एकेक चेक बघायला लागले आणि हात थांबला. मास्तरांची सही. खाली टिंब. आणि नाव, ग्रेसीचं!

मी चेक पालथा केला. मागं मुंबईतल्या एका बँकेचा शिक्का, तिच्या कॉलेजच्या जवळच्या शाखेचा; ती तिकडं शिकते एवढं मास्तरांना गावातून कळलेलं. पोरगी मोठी झाली होती, तिनं स्वतःचं खातं उघडलं होतं आणि काकाचा चेक स्वतः भरला होता. मी खुर्चीतून उठलेच. सगळ्या स्टाफला ओरडून सांगणार, तेवढ्यात सवयीनं तारखेकडे नजर गेली.

वर्ष जुनं होतं.

आधी वाटलं, तिनं मागच्या वर्षीचाच चेक भरला असणार. पण नंबर नव्या चेकबुकातला. म्हणजे मास्तरांनी, साऱ्या बँकेला "वर्ष बदललंय" म्हणून हैराण करणाऱ्या मास्तरांनी, याच जानेवारीत, माझ्या समोर बसून, पट्टीनं रेघा मारून, मागचं वर्ष लिहिलं होतं. आणि ते पाकिटात घालत असताना मी तारीख बघितलीही नव्हती.

आता? नियमानं चेक परत. दुपारी थैली मुंबईला परत जायची, त्याआधी ठरवायला हवं. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काकाचं काही घेतलं, आणि तिच्या हातात काय पडणार, तर 'चेक शिळा' असं लिहिलेला परतीचा कागद. वर तिची बँक तिच्याच खात्यातून परतीचा आकार कापणार. पास्कू म्हणणार, बघितलंस? देण्याचं नुसतं नाटक.

अकराला मास्तर आले. "बाई, गेले का?"

मी चेक त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी नाव वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचलं. "ग्रेसीनं भरला?" त्यांनी विचारलं. मग नजर तारखेवर गेली. ते बघवत नव्हतं मला. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत लाल शाईनं चुका काढणारा माणूस स्वतःच्या अक्षराकडे नुसता बघत राहिला.

"मी मारला हो," ते म्हणाले. "माझ्या हातानं मारला."

"गप्प बसा, मास्तर," मी म्हटलं. "मी साहेबांशी बोललेय. चेक तुमचा, चूक तुमची, तुम्ही समोर आहात. वर्ष खोडा, नवीन लिहा, शेजारी पूर्ण सही करा. मी पास करते. कोणाला काही कळायचं नाही."

मास्तरांनी पेन काढलं. टोपण काढलं. निब कागदाला टेकणार, एवढ्यात थांबले. मागं रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. मग त्यांनी टोपण परत लावलं आणि चेक माझ्याकडे सरकवला.

"नको, बाई. परत पाठवा."

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी तर भडकलेच. "इतकी वर्षं वाट बघितलीत आणि आता नियम काढताय?"

"नियम नाही हो." मास्तर पुढं वाकून हळूच बोलले, जसं काही चोरी करायला निघालेत. "आज हा पास झाला तर काय होईल? पैसे जातील. ती तिकडं, मी इकडं. पुढल्या जानेवारीला पुन्हा पोस्ट. पण परत गेला तर? ज्याचा चेक परत जातो त्याला स्वतः जाऊन सांगावं लागतं, की बाबा रे, चूक झाली, हा घे दुसरा. त्याला घरात जावंच लागतं. कोणी विचारलं, का आलास, तर सांगायला कारण आहे." त्यांचे डोळे भरून आले होते. "मला जायला कारणच मिळत नव्हतं, बाई."

मी चेक परतीच्या गठ्ठ्यात ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत चेक परत पाठवताना आनंद झाला तो तेवढा एकदाच.

मास्तरांनी तिथंच दुसरा चेक लिहिला. वर्ष मला दाखवलं, साहेबांना दाखवलं, रांगेतल्या एका अनोळखी माणसालाही दाखवलं. परतीचा कागद ग्रेसीच्या हातात पडायच्या आत, म्हणजे आजच जायला हवं होतं. पण बोळिंजचा पत्ता त्यांना पाठ होता, रस्ता माहीत नव्हता. मी बोळिंजलाच राहायचे. संध्याकाळी बँक सुटल्यावर त्यांना एस.टी.त माझ्या शेजारी बसवलं. मांडीवर बाजारातून घेतलेली राजेळी केळ्यांची फणी, आणि पायाला ती क्लिप, सायकल बँकेच्या दारातच ठेवलेली तरी.

वाटेत म्हणाले, "तुम्ही पास्कू व्हा. मी बोलायची तालीम करतो."

मी म्हटलं, बरं. पास्कू झाले. "का आलास?" म्हणून असा काही आवाज चढवला, की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. मास्तर बिचारे चाचरत म्हणाले, "दिनांकामध्ये अनवधानानं चूक झाल्याकारणानं..." मी म्हटलं, "मास्तर, भावाशी बोलताय की शाळा तपासणीच्या साहेबांशी?" पुन्हा सुरुवात. नालासोपारा मागं पडलं तरी वाक्य काही पुरं होईना.

त्या बिल्डिंगच्या गेटशी पोचलो आणि मास्तर थांबले. वर बघितलं. "उद्या येऊ का? त्यांची जेवणाची वेळ असेल."

"हे बघा," मी म्हटलं, "इथून मागं फिरलात, तर उद्यापासून माझ्या टेबलाशी यायचं नाही. सांगून ठेवते." आणि त्यांच्या हाताला धरून जिना चढवला.

बेल मीच वाजवली. दार ग्रेसीनं उघडलं. उंच, सडपातळ पोरगी, केसांना तेल लावत होती बहुतेक, हात तेलकट. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "इनासकाका?" तिनं विचारलं. मास्तरांनी मान हलवली. तिनं आत वळून हाक मारली, "पप्पा! पप्पा, या ना बाहेर!"

पास्कू बनियनवर बाहेर आला. मास्तरांसारखाच ठेंगणा, तसंच कपाळ, केस तेवढे काळे. दाराच्या आत तो, दाराबाहेर हे, आणि मध्ये उंबरा. मला वाटलं, आता दार लावतो.

मास्तरांनी खिशातून चेक काढला. बसमधलं सगळं विसरले. "पास्कू," एवढंच म्हणाले, "माझा चेक परत गेला. तो सांगायला आलो."

पास्कूनं चेक घेतला नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही. तो भावाच्या पायाकडे बघत होता. मग खाली वाकला आणि पँटची ती क्लिप काढून हातात घेतली.

"सायकल मारत आलास? एवढ्या लांब?" तो म्हणाला. "ये घरात. जेवलास?"

मी तिथं कशाला थांबू? दोघांना कोणाला मी दिसतही नव्हते. ग्रेसी "बसा ना, आंटी" म्हणाली, मी नको म्हटलं आणि जिना उतरायला लागले. खालच्या मजल्यावर पोचते तोवर वरून रडण्याचा आवाज आला, मोकळा, मोठ्यानं. मी जिन्यात थांबून ऐकलं. पण दोघांपैकी कोण रडत होतं ते मला आजही सांगता येणार नाही, कारण दोघा भावांचा आवाज अगदी एकसारखा होता.